वैशाली, तुझं फ्रेंच गणिताचं पुस्तक

वैशाली, तुझ्या पुस्तकाचे कागद मिलिंदने तुझ्याबरोबर जाळले. बाकीचं नंतर बोलू, हे आधी सांगते.

मुद्दाम नाही केलं तुझ्या नवऱ्याने. अंत्यविधीच्या जागेवर काम करणाऱ्या बाईने विचारलं, सोबत काही ठेवायचं आहे का. आपल्याकडे तुळशीपत्र नाही, गंगाजल नाही. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या, झालं. मिलिंदच्या मनात आलं, आपल्या घरात देव्हारा नाही, पुस्तकंच आहेत, तर तिच्यासोबत पुस्तक जाऊ दे. तुझ्या टेबलावरचा गठ्ठा त्याने घरून आणलाच होता. तो तुझ्या हाताखाली ठेवला आणि पेटी बंद झाली. मला परत येताना गाडीत सांगितलं. "आई, तिचं पुस्तक तिच्यापाशी ठेवलं. कंप्युटरमध्ये सगळं आहेच."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कंप्युटरमध्ये सगळं नव्हतं. हे घरात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक तू.

तुला मरायला काही कारणच नव्हतं. हे मी दवाखान्यात डॉक्टरलाही म्हटलं, तुझ्या लेकीने, मेत्ताने, ते इंग्रजीत सांगितलं की नाही कोण जाणे. मेंदूतली नस फुटली म्हणे. ऑफिसात, मीटिंगमध्ये, बोलता बोलता. फुटायचीच होती तर माझी फुटायला हवी होती. बीपी माझं, साखर माझी, गोळ्यांचा डबा माझा. तुला साधा चष्मासुद्धा नव्हता. सकाळी दारातून ओरडून गेलीस, "आई, वांगी मी आल्यावर करते, तुम्ही ओट्याशी उभं राहायचं नाही हं." मी उभी राहिले नाही. वांगी तशीच राहिली. नंतर तुझ्या बहिणीने, ज्योत्स्नाने, टाकून दिली.

ज्योत्स्ना चँडलर गावाहून आली ती रडतच आली, आणि मी रडत नाही म्हणून माझ्याकडे बघत राहिली. बघू दे. पाठीमागून कोणी डोक्यात काठी घातली तर माणूस आधी रडत नाही, कोणी मारलं ते वळून बघतो. मी अजून वळूनच बघते आहे.

घरी माणसं आली. इथल्या नोव्हाय गावातलं आपलं सगळं मंडळ आलं. त्यातल्या एकाने मला विचारलं, "काकू, वैशाली काहीतरी पुस्तक लिहीत होती ना?" मी म्हटलं, "हो. फ्रेंच लोकांनी गणिताची पुस्तकं कशी लिहिली, त्याचं." तो म्हणाला, "म्हणजे मॅथ्सचं टेक्स्टबुक?" मी म्हटलं, "नाही. पुस्तकांची गोष्ट." तो "ग्रेट, ग्रेट" म्हणाला आणि चहा कुठे आहे ते बघायला गेला. तू असतीस तर हसली असतीस. तुला सवय होती. दिवसभर ऑफिसात सीटबेल्टचं काम करायचीस, गाडी आदळली की माणूस कुठपर्यंत पुढे फेकला जातो त्याचा हिशोब. मला म्हणाली होतीस, "आई, मी जी बटणं दाबते ना, त्यांच्या मागचं सगळं दोनअडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी पॅरिसात बसून हाताने मांडलंय. आणि मराठीत त्या माणसांची साधी गोष्टसुद्धा नाही." कंपनीने फ्रान्सला पाठवलं तेव्हा तू भाषा शिकलीस. बाकीचे तिथून अत्तरं आणतात. तू जुन्या पुस्तकांचं वेड घेऊन आलीस.

शनिवारी जेवणं झाली की तू कागद छापून आणायचीस आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला वाचून दाखवायचीस. मी चौथी शिकलेली. तुझा नियम असा होता की मी दोनच गोष्टी म्हणायच्या, कळलं किंवा नाही कळलं. छान म्हणायला बंदी होती. नाही कळलं म्हटलं की तू पेन्सिल घेऊन तिथेच खोडायचीस, बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात नवं लिहायचीस, पुन्हा वाचायचीस. ते कंप्युटरमध्ये कधी घातलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "सगळं झालं की एकदम घालीन, दोनदा काम कोण करतं?"

बघ आता.

एकदा मी दोनतीनदा नाही कळलं म्हटलं तर तू कागदावरून मान वर केलीस. "आई, कळलं नाही की झोप आली?"

"झोप आली."

"मग तसं सांगा ना! अख्खा परिच्छेद खोडला मी!"

"चांगला होता का?"

"चांगला होता!"

"मग पुन्हा लिही."

त्या फ्रेंच बाईवरून आपलं चांगलंच वाजलं होतं. एका इंग्रजाने ग्रहांच्या आणि जमिनीवरच्या वस्तूंच्या हालचालींचं मोठं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं होतं, ते तिने फ्रेंचमध्ये आणलं. श्रीमंताघरची, लग्न झालेली, मुलं मोठी झालेली. चाळिशी उलटल्यावर तिला पुन्हा दिवस गेले. यातून आपण वाचत नाही असं तिच्या मनाने घेतलं, म्हणून ती रात्रंदिवस कामाला लागली. काम उरकलं, बाळंत झाली, आणि थोड्याच दिवसांत मेली. ते पुस्तक पुरतं छापून यायला पुढे दहा वर्षं गेली.

मी म्हटलं, "वेडी होती. पोटात पोर असताना झोपावं माणसाने."

"तिच्याकडे वेळ कमी होता."

"म्हणून तर झोपावं."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "मिलिंद पोटात होता तेव्हा तुम्ही नवव्या महिन्यात काय करत होता?"

"बिड्या वळत होते."

"मग?"

"मला त्याचे पैसे मिळत होते. तिला काय मिळत होतं?"

तू इतकी हसलीस की मेत्ता वरून खाली आली. "व्हॉट हॅपन्ड?" म्हणून विचारायला लागली. तू तिला काही सांगितलं नाहीस, नुसती हात हलवत राहिलीस. मी अजून म्हणते, ती बाई वेडी होती. पण तिला आतून कळलं तरी होतं. तिने घाई केली. तुला कोणी काही सांगितलंच नाही, वैशाली. तू वांग्यांचा विचार करत गेलीस.

दुसरं भांडण आकृत्यांचं. ते मिटलेलंच नाही. यंत्रांचं आणि हालचालींचं एक अख्खं फ्रेंच पुस्तक आहे, त्यात एकही आकृती नाही, आणि लिहिणाऱ्याने पहिल्याच पानांत ते अभिमानाने सांगून टाकलं आहे. मला ते आगाऊपणाचं वाटलं. "मग वाचणाऱ्याने बघायचं काय?" तू म्हणालीस, "बघायचं नाही, तेच तर. अक्षरांवरून चालत जायचं. आकृती काढली की ती एका चाकाची होते, एका कप्पीची होते. अक्षरं मांडली की सगळ्याच चाकांची होतात." मी म्हटलं, तो काय करायचा ते करो, तुझ्या पुस्तकात चित्रं घाल, लोकांना बरं पडतं. तू म्हणालीस, नाही घालणार. मी म्हटलं, मग मी ऐकणार नाही. पुढच्या शनिवारी तू वाचायला बसलीस आणि मी ऐकायला बसले, पण पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. तू मेलीस म्हणून मी ते पटवून घेणार नाही.

"सहज दिसतं" हा शब्द मात्र आपण दोघींनी मिळून घराबाहेर काढला. ग्रहताऱ्यांवर जाडजाड खंड लिहिणारा एक फ्रेंच माणूस होता. अवघड जागा आली की तो लिहायचा, हे सहज दिसतं, आणि पुढे निघून जायचा. ते खंड इंग्रजीत आणले इथल्याच, अमेरिकेतल्या एका माणसाने. लहानपणीच शाळा सुटलेला, जहाजांवर काम केलेला. "सहज दिसतं" आलं की त्याला कळायचं, आता आपले कितीतरी तास जाणार. मग गाळलेल्या सगळ्या पायऱ्या त्याने खाली टिपांमध्ये भरल्या, इतक्या की मूळ पुस्तकाहून टिपाच जास्त झाल्या. हे ऐकल्यापासून घरात कोणी काही सोपं आहे म्हणायची चोरी झाली. मिलिंद नवं कपाट जोडायला बसला आणि म्हणाला, हे तर सहज आहे, तर तू आणि मी त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. कपाटाचं दार उलटं लागलं. मेत्ता मला फोनवर काही दाखवायला लागली की मुद्दाम म्हणते, "आजी, इट इज ईझी टू सी." परवा ती असं म्हणाली आणि मध्येच थांबली.

आणि चहा. आणखी एक फ्रेंच होता, फार कडक शिस्तीचा माणूस, इंजिनियर होणाऱ्या मुलांना शिकवणारा. त्याच्या आधीचे लोक "अगदी थोडं", "जवळजवळ शून्य" असं म्हणून वेळ मारून नेत होते. हा म्हणाला, जवळ जाणं म्हणजे नेमकं काय ते आधी सांगा, मग पुढे चला. मुलं कुरकुरायची, त्यांना पूल बांधायचे होते. तू मला चहाचं उदाहरण दिलंस. चहा गार होत होत घराइतका गार होत जातो, पण पुरता घराइतका कधी होत नाही. मी म्हटलं, "होतो की. मी बोट घालून बघते ना."

"तुमचं बोट थकतं, आई. चहा थकत नाही. तुमच्या बोटाला फरक कळेनासा झाला एवढंच."

"मग तो पोचला कधी म्हणायचं?"

"तुम्ही मागा. कितीही बारीक फरक मागा. मी म्हणेन, एवढा वेळ थांबा, त्याच्याही आत आणून देते. तुम्ही आणखी बारीक मागा, मी आणखी थांबायला सांगेन. तुम्ही मागून दमाल, मी देऊन दमणार नाही. त्याला तो जवळ जाणं म्हणतो."

मी म्हटलं, कळलं. तू ते जसंच्या तसं मार्जिनमध्ये लिहिलंस. हे मला शब्दन् शब्द आठवतं, म्हणून एवढं तरी वाचलं.

पुण्याहून तुझ्या प्रकाशकाचा फोन आला. आधी दुःख वगैरे बोलले. मग म्हणाले, जी फाइल असेल ती पाठवा, आमच्याकडे निवृत्त प्राध्यापक आहेत, ते भाषा नीट करून देतील. मिलिंदने कंप्युटर उघडला आणि पाठवण्याआधी मला पहिलं पान वाचून दाखवलं. त्याला वाटलं, आईला बरं वाटेल. पहिल्याच वाक्यात "गतिशास्त्राच्या वैश्लेषिक मांडणीच्या विकासक्रमात" असं होतं. हे तू कधीच खोडलेलं. मी नाही कळलं म्हटलं होतं आणि तू कपाळाला हात लावला होतास.

मी त्याला सांगितलं. "हे जुनं आहे. बदललेलं सगळं पेन्सिलने कागदावर होतं. ते कागद तू तिच्या हाताखाली ठेवलेस."

ज्योत्स्ना तिथेच होती. म्हणाली, "मावशी, आत्ता सांगायची गरज होती का?"

"मग कधी? छापून आल्यावर?"

मिलिंद उठून गराजमध्ये गेला. गराजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा. गाडी मात्र निघाली नाही. परत आला तेव्हा चेहरा धुतलेला होता. "किती बदललं होतं?"

"बरंच. जवळपास सगळं."

"मी तिला..."

"तू तिच्यासाठी ठेवलंस. त्यात चूक नाही. पण जळलं ते जळलं. आता त्या प्राध्यापकाला फाइल पाठवायची नाही. त्याने नीट केली तर ती पुन्हा तशीच होईल, जशी तिला नको होती."

"मग काय करू आई? मला फ्रेंच येत नाही. मला तिच्यासारखं लिहिता येत नाही. मी गिअरबॉक्सवाला माणूस."

"तू वाच. मी सांगते."

म्हणून आम्ही बसतो. शनिवारची वाट बघत नाही, तो ऑफिसातून आला की बसतो. तो जुनं वाचतो आणि मी म्हणते, हे नव्हतं. काय होतं ते कधी येतं, कधी नाही. बाईची गोष्ट आली. टिपांवाला माणूस आला. चहा आला. काही पानांवर मला नुसतं एवढं समजतं की इथे काहीतरी सोपं होतं, आणि ते काय ते समजत नाही. ज्याचं तोंड पाहिलंय पण नाव विसरलंय, तसं. त्याचा मला फार राग येतो. तुझ्यावर नाही. तुझ्यावरही थोडा. दोनदा काम केलं असतंस तर काय बिघडलं असतं?

एका पानावर तर आम्ही अडूनच बसलो. पॅरिसमध्ये चर्चच्या पायरीवर टाकून दिलेलं पोर, काचा बसवणाऱ्या माणसाच्या बायकोने वाढवलेलं. मोठा गणिती झाल्यावरही तो कितीतरी वर्षं तिच्याच घरी राहिला. ती बाई त्याच्या लिहिण्याला कवडीची किंमत देत नसे, असं सांगून तू माझ्याकडे बघून हसलेलीस, ते मला आठवतं. त्याच्या पुस्तकातली मोठी गोष्ट अशी की चालत्या वस्तूचा प्रश्न उभ्या वस्तूचा करून सोडवायचा. हे कसं, ते तू मला समजावलंस आणि मला समजलं होतं. डब्याचं काहीतरी होतं. सीटवर ठेवलेला डबा, गाडी थांबते, डबा थांबत नाही. पुढे काय, ते नाही. रोज आठवायला बसले. नाही आलं. फाइलमध्ये तिथे नुसती अक्षरं आणि बरोबरची चिन्हं आहेत.

मिलिंद म्हणाला, मी लिहून बघतो. पहिलं लिहिलं ते वाचलं. नाही कळलं. दुसरं लिहिलं. नाही कळलं. तो चिडला. "आई, हे याहून सोपं होऊच शकत नाही!"

"तिने केलं होतं."

"मग तिला विचार!"

बोलून गेला. ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून निघून गेली. मीही ताटं उचलली.

काल तो पुन्हा कागद घेऊन आला. हाताने लिहिलेला, खूप खाडाखोड. उभ्या उभ्याच वाचला. सायकल वळवताना आपण आतल्या बाजूला कलतो. उभी सायकल तेवढी कलवली तर ती पडते. चालती सायकल पडत नाही. म्हणजे वळताना तिला बाहेर ढकलणारं काहीतरी आहे असं धरा, त्याला एक जोर माना, आणि इतर जोरांच्या शेजारी बसवा. मग ती सायकल चालत नाहीच, जागच्या जागी तोलून उभी आहे, असं समजून गणित करा. उत्तर बरोबर येतं. पायरीवरच्या त्या पोराने जगाला एवढंच सांगितलं, की चालणाऱ्याचा चालण्याचा जोर हिशोबात धरला तर तोही उभाच असतो.

मी म्हटलं, "पुन्हा वाच." त्याने वाचलं.

"कळलं."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ कागद हातात धरून होता.

मी मात्र टेबलाची कड धरली. इतके दिवस तो जे वाचत होता, त्यातलं चुकलेलंसुद्धा माझ्या कानात तुझ्या आवाजात येत होतं. तू वरच्या खोलीत आहेस आणि आम्ही तुझं काम खाली आवरतो आहोत, असं कुठेतरी चाललं होतं माझ्या मनात, मी ते कोणाला सांगितलं नाही. सायकल वाचताना तुझा आवाज आला नाही. कान देऊन बघितलं. नाही आला. ते सगळं मिलिंदचं होतं.

तुझ्या पुस्तकात आता एक परिच्छेद असा आहे, जो तुला माहीत नाही. आणि वैशाली, तो चांगला आहे.